आमर की बांडगूळ

माझा मेहुणा मूर्ख आहे हे मी त्याच्या बहिणीशी माझं लग्न लागलं त्या दिवशीच ओळखलं होतं. पुढची वीसेक वर्षं त्या ओळखीवर मी मोठ्या सुखानं काढली. आता जे लिहितो आहे ते त्या सुखाबद्दलच.

मी घरजावई. नोकरी ठाण्याच्या कचेरीत, राहणं कल्याणात सासऱ्यांकडे. पेन्शन घेतल्यावर कल्याणातले गृहस्थ एकतर पोथी धरतात, नाहीतर शेजाऱ्याच्या कुंपणावरून फिर्याद. आमच्या सासऱ्यांनी आमर धरली. झाडाच्या फांदीवर वाढणारी, मातीचं तोंड न पाहणारी ही वनस्पती. साहेबलोक तिला ऑर्किड म्हणतात आणि तिच्यापायी वेडे होतात, म्हणून आमच्या आळीला सासऱ्यांचं वेड साहेबी वाटे. कुणी विचारी, "रावसाहेब, याची भाजी करतात का?" भाजी होत नाही आणि देवाला वाहत नाहीत, असं कळल्यावर आळीचा रस संपे.

त्यांच्याकडची जात खडवलीच्या पलीकडल्या डोंगरातली. पांढरं फूल, ओठाशी जांभळा ठिपका. ती त्यांनी एकाच रानात पाहिली होती. तिथून अर्धा गड्डा त्यांनी आणला आणि अर्धा जागीच ठेवला. पुढे रेल्वेच्या रुळांखालच्या सिलिपाटांसाठी ते रान तुटलं. मग परसातल्या आंब्यावर काथ्यानं बांधलेला गड्डा तेवढा उरला. पावसाळाभर तिचं कोडकौतुक, थंडीत मात्र पाण्याचा थेंब नाही; थंडीत ती मेल्यासारखी दिसते, पण मरत नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी काडीच्या टोकानं या फुलाचा पराग त्या फुलाला लावला आणि तिला पहिल्यांदा शेंग धरली. हे सगळं ते मला दाखवीत. मेहुण्याला दाखवायला गेले की तो जांभई देई.

आंबा दोन वर्षं मोहरला नव्हता. नाताळच्या सुट्टीत, शिकायला गेलेला मेहुणा मुंबईहून आला. पोटात मॅट्रिक, अंगात कोट. सासरे त्र्यंबकेश्वरी गेले होते. मेहुण्यानं झाडाभोवती फेरी मारली, वर बोट केलं आणि निकाल दिला की बांडगुळानं झाड शोषलं. मी ओटीवर होतो. मला हाक मारून म्हणाला, "भावोजी, बांडगूळच ना हे?"

हा शब्द या घरात मी पूर्वी ऐकलेला होता. स्वयंपाकघरात, माझ्याविषयी, मी बाहेर आहे असं समजून. बोलणारा हाच होता, आणि बायका हसल्या होत्या.

मी म्हणालो, "तुम्ही शिकलेले. तुम्हांला दिसतंय ते खोटं कसं असेल?"

त्यानं कोयता मागवला. आमर झाड शोषत नाही, फांदीवर नुसती बसते, हे मला पक्कं माहीत होतं. गड्डा उकिरड्यावर पडला तेव्हाही मुळं धड होती, शेंग शाबूत होती. उचलून कुठल्याही खोडाला बांधला असता तर जगला असता. मी हात धुतले आणि जेवायला बसलो. सासरे आले तोवर गुरांनी तो तुडवला होता.

त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुम्ही घरात होतात?"

"कचेरीत होतो," मी म्हणालो.

त्या दिवसापासून ते मुलाशी बोलले नाहीत. काही सांगायचं झालं तर मला म्हणत, "त्याला सांगा." मी सांगत असे. जोशीबुवा पंचांग वाचतात त्या सुरात, कमीजास्त न करता. अबोल्याचं कारण त्या निरोपांत कधी नसे, आणि मीही ते जोडलं नाही. बाप-लेकांमधला तो जासूदपणा मला आवडे, हेही लिहून टाकतो.

दुसऱ्या वर्षी मेहुण्यानं प्रायश्चित्त घेतलं. मुंबईत स्नेह्यांबरोबर त्यानं साहेबी बिस्किटं खाऊन धर्म बाटवला होता म्हणे. नदीवर क्षौर करून, नुकत्या फुटलेल्या मिशा उतरवून त्यानं चार भटांसमोर पंचगव्य घेतलं. बापाच्या पाया पडला. सासऱ्यांनी पाय मागे घेतला. बिस्किटाबद्दल विचारलं नव्हतं कुणी, तरी या शहाण्यानं स्वतःच दवंडी पिटली, म्हणून मी कित्येक महिने हसत होतो. त्यानं असं का केलं असेल, हा प्रश्न मला पडला नाही. सासरे वारले तेही त्याच्याशी न बोलता.

यंदा त्यांच्या श्राद्धाला मेहुणा आला होता. केस पिकू लागलेत, तरी कोट तसलाच. ब्राह्मण उठल्यावर आम्ही दोघेच ओटीवर राहिलो. तो सुपारी कातरत होता. मी सांगितलं. आमरीचं, उकिरड्याचं, कचेरीत होतो म्हणालो त्याचं. तो चिडेल, मग आपणही दोन शब्द सुनावू, अशी माझी तयारी होती.

अडकित्ता थांबला. "म्हणजे दादा माझ्याशी बोलत नव्हते ते त्या झाडापायी?"

"हो."

"बिस्किटांचं त्यांना ठाऊक नव्हतं?"

"तुम्ही पाया पडलात तेव्हाच कळलं."

 वरच्या ओठावरून त्यानं एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "मला वाटलं, कुणीतरी त्यांना कळवलं. मी इतकी वर्षं नावं धुंडाळतोय, कुणी कळवलं असेल. तुमचं मात्र कधी मनात आलं नाही, भावोजी."

मी म्हणालो की आता ती जात कुठंच सापडत नाही.

"आता नसेल," तो म्हणाला. "तेव्हा मी शोधली असती. मला ठाऊक असतं तर सुट्टीच्या सुट्टी रान पालथं घातलं असतं. मला काय, वेळच वेळ होता."

आणि त्यानं शोधलीच असती. मूर्ख माणूस आहे. चिकाटीनं, काट्याकुट्यातून, कोट घालून शोधली असती आणि कदाचित आणलीही असती. हे मला त्या ओटीवर पहिल्यांदा दिसलं.

विडा त्यानं तबकातच ठेवला. बहिणीला हाक मारली नाही. पायरीवर जोडा चढवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जातो."

या घरात कुणी 'येतो' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मी त्याला थांबवलं नाही.