नऊ तारखेची खुर्ची

वर्ध्यातल्या माझ्या दवाखान्यात, माझ्या खुर्चीमागे, एक प्रमाणपत्र लावलेलं होतं. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन गरोदर बायकांना विनामूल्य तपासणारी खाजगी डॉक्टर, असा त्यात माझा गौरव होता. प्रत्यक्षात मी एकदाच गेले होते. पुढचे तीन महिने नऊ तारीख आली की तिथल्या सिस्टरना फोन करायचे, "अर्जंट सिझर आलंय हो." सिझर नसायचंच. तिथे ना धड औषध, ना धड सोय, असं मी धरूनच चालले होते. काही बरंवाईट झालं की खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, ही भीती. प्रमाणपत्रावरची धूळ मात्र मी न चुकता पुसून घ्यायचे.

पुढच्या नऊ तारखेला संकष्टी आली. सकाळीच सिस्टरना नेहमीचं खोटं सांगितलं आणि केळझरच्या गणपतीला निघाले. उपास कडक होता आणि खोटंही.

टेकडीच्या पायऱ्यांवर एक गरोदर बाई डोकं धरून बसली होती. आठवा महिना असावा. चेहरा सुजलेला, पायांतली जोडवी बोटांत रुतलेली. सासू पदराने वारा घालत होती. मी न राहवून विचारलं, "हिला तपासून घेतलंय का?"

"दोनदा गेलतो जी सरकारी दवाखान्यात," म्हातारी म्हणाली. "नऊ तारखेले खाजगीतली डॉक्टरीण येते म्हणे. दोन्ही खेपा दिवसभर बसलो, ते काई आली नाई. मंग म्हटलं, चाल व माय, देव तरी जाग्यावर भेटते."

ती मला ओळखत नव्हती. माझे कान तापले. समोर गाभाऱ्याचं दार दिसत होतं आणि मला तिकडे बघवेना.

गाडीतून रक्तदाबाचं यंत्र आणलं. आकडा धोक्याच्या कितीतरी वर होता. कोणत्याही क्षणी तिला फिटचा झटका आला असता. बाळही गेलं असतं आणि ती पण. माझा दवाखाना लांब होता, जवळ होतं ते केंद्रच. ज्या सिस्टरशी सकाळी खोटं बोलले होते, त्यांनाच फोन लावला. झटका थोपवायचं इंजेक्शन आहे का, विचारलं.

"आहे ना म्याडम. घेऊन या, मी तयारच आहो."

दर्शन न घेताच मी दोघींना गाडीत बसवलं. केंद्रावर ट्रे लावलेला होता, इंजेक्शन मोजून काढलेलं होतं. टेबलाशी डॉक्टरसाठी मांडलेली एक खुर्ची होती, पाठीवर धुतलेला टॉवेल टाकलेली. सिस्टर म्हातारीला म्हणाल्या, "म्हटलं होतं ना आजी, म्याडम येतीन म्हणून." म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग सुनेच्या उशाशी जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रक्तदाब उतरल्यावर केंद्राच्या अॅम्ब्युलन्समधून तिला सेवाग्रामच्या मोठ्या इस्पितळात नेलं; सिस्टर आणि मी दोघीही सोबत गेलो. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. वजनाने कमी, पण रडणं खणखणीत.

तिला तिथे दाखल करून संकष्टीच्याच रात्री परतताना मी सिस्टरना सांगून टाकलं होतं, "एकदाही सिझर नव्हतं. आज तर मी देवाला गेले होते."

"मले माहीत होतं म्याडम," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण बायांले काऊन सांगू? त्यायचा इश्वास एकदा उडाला, तर तुमी खरंच आल्या त्या दिवशी कोणी आलंच नसतं."

मी खिडकीबाहेर तोंड करून रडले. मी ज्यांच्यावर एक इंजेक्शन ठेवण्याइतकाही भरवसा टाकला नव्हता, त्या सिस्टरनी महिनोन्‌महिने माझी लाज राखली होती. त्या गरोदर बाईला पायरीवर कुणी बसवलं, याचा ऊहापोह मी करत नाही. मला वाटतं, मी देवाकडे निघाले होते आणि त्याने मला माझ्या कामाला परत लावलं. त्याचे उपकार मानायचे तरी कसे? माझी भीती त्याच्या पायाशी टाकली, इतकंच मला जमलं.

प्रमाणपत्र उतरवलं आहे. परवा नऊ तारीख होती. मी पोचले तेव्हा तपासणीला अजून एकही बाई आलेली नव्हती. सिस्टर खुर्चीवर टॉवेल टाकत होत्या. मी त्यांच्या हातून तो घेतला आणि स्वतःच खुर्चीवर टाकला.