पेंढ्यात शिजलेला भात

वसईत, उमेळ्याच्या अलीकडे, जिथे वाड्या तोडून नव्या इमारती उभ्या राहत होत्या, तिथे आम्ही राहायला आलो तेव्हा मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. नव्वदचं दशक सुरू झालं होतं. आई आणि बाबा दोघंही मुंबईत नोकरीला. सकाळी स्वयंपाक उरकून आई निघायची, ती दिवेलागणीलाच परतायची. मी दुपारी घरी यायचे आणि गार भात, गार आमटी वाढून घ्यायचे. गरम करून खा असं आई सांगायची, पण मी करत नसे, कारण आमच्याकडे गॅस जपून वापरायची शिस्त होती.

ती शिस्त हौसेची नव्हती. सिलिंडर एकच. तो संपला की नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. तोवर रॉकेलचा स्टोव्ह. त्याची पिन शोधण्यात आणि पंप मारण्यात बाबांची सकाळ जायची, आणि त्या वासाने आईचं डोकं धरायचं. भाताला रॉकेलचा वास लागतो हे तिचं ठाम मत होतं. बाबांना तो कधी आला नाही, पण ते वाद घालत नसत.

मे महिन्यात गावाहून, रत्नागिरीकडून, आंब्याची पेटी आली. आंबे पेंढ्यात रचलेले. आईने पिकलेला शोधायला हात आत घातला आणि तो तसाच आत ठेवून ती बसून राहिली.

"इकडे ये. हात घालून बघ," ती म्हणाली.

मी हात घातला. आत चांगलंच उबदार होतं.

"आढीत ऊब असते हे मला लहानपणापासून माहीत आहे," ती म्हणाली. "पण ही ऊब बाहेर का पडत नाही? पेंढा पडू देत नाही म्हणून. मग उकळत्या भाताची तरी कशी पडेल?"

मला प्रश्नच कळला नाही. बाबांना कळला, आणि त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "म्हणजे तू भात आढीत घालणार?"

"घालून बघणार."

पेटीतला पेंढा पुरणारा नव्हता. आमच्या फाटकाशी उमेळ्याची एक मावशी भाजी घेऊन बसायची. खाडीकडे त्यांची भातशेती होती, घराशेजारी पेंढ्याची उडवी. आईने तिच्याकडे पेंढा मागितला तेव्हा मावशीने टोपली खाली ठेवून आईला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पेंढा कशाला गो बाय? म्हस बांधनार हाय का बिल्डिंगमदे?"

"भात शिजवायचाय त्यात."

"पेंढा जालून?"

"जाळून नाही. न जाळता."

मावशीने टोपली पुन्हा उचलली. दुसऱ्या दिवशी तिने दोन मोठे भारे आणून दिले. वेड्या माणसाला जसं काही विचारत नाहीत, तसं तिने आईला काही विचारलं नाही.

पेंढा भरायला खोका हवा होता, तो मिळाला आगाशीला. रविवारी देवळात गेलो होतो, तेव्हा बाजारातल्या एका किराणा दुकानासमोर चहाचा रिकामा खोका पडलेला आईला दिसला. प्लायवूडचा, कडांना पत्र्याच्या पट्ट्या मारलेला. दुकानदाराने तो आनंदाने दिला. बसमध्ये कंडक्टरने आत काय आहे विचारलं. बाबा म्हणाले, "काही नाही." रिकामा खोका कोणी एवढ्या जपून नेत नाही, असं म्हणून कंडक्टरने झाकण उघडून आत बघितलं आणि चहाच्या वासाने त्याला शिंक आली.

आईने खोक्याच्या तळाशी पेंढा दाबून बसवला, बाजूंनी भरला, मधोमध पातेल्याच्या मापाची खळगी ठेवली. जुन्या साडीत पेंढा भरून तिने वर ठेवायला जाड उशी शिवली. मग डाळ-तांदळाची खिचडी उकळी येईपर्यंत गॅसवर ठेवली, झाकण लावून आणखी थोडी खदखदू दिली, आणि पातेलं उचलून खळगीत ठेवलं. वर उशी, त्यावर खोक्याचं झाकण, त्यावर पाटा.

पहिल्या दिवशी खिचडी कच्ची राहिली. तांदूळ बोटचेपा, डाळ टणक. आई विचारात पडली. पातेलं अर्धंच भरलं होतं, म्हणून असेल, ती म्हणाली. मग बाबांनी खाकरून सांगितलं की त्यांनी मधे उघडून बघितलं होतं.

"किती वेळा?"

"दोनदा. नाही, तीनदा असेल."

"अहो, खिचडी आहे ती. पळून नव्हती जाणार."

पुढच्या खेपेला पातेलं काठोकाठ भरलं, डाळ आदल्या दिवशी भिजवली आणि बाबांना खोक्याजवळ जायची बंदी झाली. दुपारी मी कॉलेजातून आले, पाटा उचलला, उशी बाजूला केली. झाकण काढताच वाफ तोंडावर आली. गॅस सकाळपासून बंद होता आणि खिचडी हाताला चटका बसेल इतकी गरम. मऊ, मोकळी, खाली जराही न लागलेली. मी ताट घेतलंच नाही. पातेल्याजवळ बसून डावानेच खायला सुरुवात केली. संध्याकाळी आई दारात चपला काढत होती तेव्हाच मी सांगितलं, "शिजली." तिने पर्स ठेवली, हातपाय धुतले, उरलेली खिचडी चमच्याने चाखली आणि मग सावकाश हसली. इतकी वर्षं नोकरी केली तिने, बढत्याही मिळाल्या, पण स्वतःवर इतकं खूश झालेलं मी तिला त्या संध्याकाळीच बघितलं.

हळूहळू सिलिंडर जास्त दिवस पुरायला लागला. आई खोक्यात भात करायची, आमटी करायची, कडवे वाल करायची. खीर सगळ्यांत छान व्हायची. जिन्यात बायका थट्टा करत. "तुमच्याकडे म्हणे भात अंड्यांसारखा उबवतात?" आई म्हणायची, "हो. अजून पिल्लं नाही निघाली, निघाली की देईन एक."

थट्टा थांबली ती एका प्रजासत्ताक दिनाला. त्या दिवशी आमच्या इमारतीत झेंडावंदन, मग सत्यनारायण आणि सगळ्यांचं एकत्र जेवण असायचं. त्या वर्षी ठरलेल्या आचाऱ्याने आदल्या दिवशी निरोप पाठवला की त्याला येता येणार नाही. इमारतीचे सेक्रेटरी, निवृत्तीला आलेले शांत गृहस्थ, घरोघर जाऊन कार्यक्रम फक्त प्रसादावर उरकू असं सांगायला लागले. आमच्या दारात आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"जेवण रद्द कशाला?" ती म्हणाली. "प्रत्येक घरात एक शेगडी आहे ना?"

"वहिनी, शेगडी आहे, पण सगळा गॅस त्यात गेला तर लोक पुढचा महिना काय करतील? आणि भात, उसळ, पुऱ्या, सगळं एकाच शेगडीवर वेळेत कसं होणार?"

"भात आणि उसळ शेगडीवर फक्त उकळायची. बाकीचं मी बघते. शेगड्या पुऱ्यांना मोकळ्या."

सेक्रेटरींना खोक्याबद्दल माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. ते जरा अवघडले. "आणि नाही शिजलं तर?"

"तर मी सगळ्यांसमोर सांगेन की माझ्यामुळे नाही शिजलं."

तळमजल्यावर एक दुकानाचा गाळा रिकामा होता. त्याची किल्ली मागवली. मी आणि बाबा उमेळ्याला मावशीकडे गेलो. मावशीने या वेळी विचारलं, आणि उत्तर ऐकून तिने मुलाला बैलगाडी जोडायला सांगितली. पेंढ्याबरोबर ती स्वतःही गाडीत बसली. म्हणाली, "येवरा पेंढा द्यायचा तर मना बगूक तरी हवा."

सकाळी झेंडावंदन झाल्यावर इमारतीतल्या घराघरांतून मसालेभाताचा आणि वालाच्या उसळीचा वास यायला लागला. आईने सगळ्यांना एकच ताकीद दिली होती: काठोकाठ भरा, चांगलं खदखदू द्या आणि झाकण उघडू नका. गाळ्यात आम्ही पेंढ्याचा गुडघाभर थर केला होता. एकेक करून पातेली खाली यायला लागली. पुरुष ती फडक्यात धरून जिना उतरत होते, बायका मागून "सांभाळून" म्हणत होत्या. पातेली पेंढ्यात रुतवली, वरून आणखी पेंढा घातला आणि त्यावर प्रत्येक घरातून आलेल्या गोधड्या, रजया, कोणाचं जुनं ब्लँकेट, कोणाची नऊवारी. शेवटी गाळ्यात कुठेही भांडं दिसेना. नुसता गोधड्यांचा डोंगर. मावशी दारात टेकून बघत होती. ती म्हणाली, "बालंतिनीसारखी निजवली सगली."

गच्चीवर पूजा सुरू झाली. कथा चालू असताना निम्म्या इमारतीचं लक्ष खाली होतं, हे स्पष्ट दिसत होतं. आई मात्र हात जोडून, डोळे मिटून बसली होती. ती घाबरली होती की शांत होती, हे मला अजूनही सांगता येणार नाही. आरती झाल्यावर ती उठली आणि सगळ्यांच्या पुढे जिना उतरली.

पहिली गोधडी तिने स्वतः काढली. पेंढा बाजूला केला, झाकण उचललं. गाळ्यात वाफ पसरली आणि दारात उभ्या असलेल्या सगळ्यांना मसालेभाताचा वास आला. तिने एक शीत बोटांत धरून दाबलं आणि सेक्रेटरींच्या हातावर ठेवलं. त्यांनी खाल्लं. "वाढा," एवढंच म्हणाले.

सगळं काही साधलं नाही. एका घरची उसळ कच्ची राहिली, कारण तिथल्या वहिनींनी वाल भिजवायला उशीर केला होता. तिसऱ्या मजल्यावरचं एक पातेलं वाटेत कोणीतरी उघडून बघितलं होतं, त्यातला भात दाताखाली कचकचत होता. ती दोन्ही पातेली परत शेगडीवर गेली. पण बाकी सगळं शिजलं होतं, आणि शेगड्या मोकळ्या असल्यामुळे पुऱ्या गरम गरम येत राहिल्या. मावशीला आईने आपल्या शेजारी जेवायला बसवलं. दुसऱ्यांदा भात घेताना मावशी म्हणाली, "मना वाटलेला कच्चाच र्‍हानार." आई म्हणाली, "मलाही." मी समोर वाढत होते. ते ऐकल्यावर मला कळलं की ती सकाळपासून किती मोठी जोखीम एकटीने घेऊन वावरत होती.

त्यानंतर इमारतीत खोके दिसायला लागले. चहाचा खोका प्रत्येकाला मिळेना, तेव्हा एकीने मासळीवाल्यांकडून थर्माकोलचं खोकं आणलं आणि ते चहाच्या खोक्यापेक्षा सरस निघालं. शेजारच्या काकांनी आपली जुनी सुटकेस दिली. त्यात रजई घालून काकू आमटी ठेवायच्या, आणि पाहुणे आले की मुद्दाम सुटकेस उघडून वाढायच्या. दिवाळीनंतर नवा पेंढा यायचा. जुना, दमट झालेला पेंढा मावशी घेऊन जायची आणि जवळच्या सांडोर गावी तिच्या लेकीच्या केळीच्या बुंध्यांशी घालायची. त्या केळीच्या फण्या मग आमच्याकडे यायच्या.

पुढे मी शिक्षिका झाले, विरारच्या एका शाळेत. दोन हजार सालानंतर पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला आणि तो माझ्याकडे आला. पृथ्वी तापते आहे, आपण जे जे जाळतो त्याचा धूर आणि वायू वर साचतो आहे, समुद्र वाढेल, पाऊस बिघडेल. वसई-विरारच्या मुलांना समुद्र वाढेल म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. धडा संपल्यावर पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग आपण घरात काय करायचं?" पुस्तकात होतं ते मी सांगितलं: दिवे बंद करा, पाणी जपा, कापडी पिशवी वापरा. ती मान हलवत होती, पण तिचं समाधान झालं नव्हतं. मी घरी जाऊन आईला विचारलं, "शाळेत येशील?"

आई तेव्हा निवृत्त झाली होती. तिने चांगली साडी नेसली, घरी खीर उकळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवली आणि आम्ही रिक्षाने खोकं मांडीवर घेऊन गेलो. शेवटच्या तासाला तिने ते वर्गात उघडलं. वाफ बघून मागच्या बाकावरची मुलं उभी राहिली. तिने गॅस किती लवकर बंद केला ते सांगितलं, पेंढा आणि रजई काय करतात ते सांगितलं, भांड्यावर झाकण न ठेवता उकळणं म्हणजे आकाश तापवत बसणं, असंही म्हणाली. हे वाक्य माझ्या पुस्तकात नव्हतं. मी ते फळ्यावर लिहिलं.

मग त्या पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "आजी, तुम्ही हे पृथ्वीसाठी सुरू केलं का?"

"नाही गं," आई म्हणाली. "सिलिंडर मिळत नव्हता म्हणून. पृथ्वीचं तुमच्या बाईंनी आत्ता सांगितलं."

वर्ग हसला. तीही हसली. "पण आता सिलिंडर मिळतो, फोन केला की येतो," ती पुढे म्हणाली. "तरी मी खोकं सोडलेलं नाही. आता पृथ्वीसाठी समज."

खीर सगळ्यांना चमचा-चमचा आली. मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या, त्यांनीही घेतली. मी वर्गाच्या मागे उभी होते. समोर माझी आई टेबलाला टेकून मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती, कोणाला भांडं केवढं घ्यायचं, कोणाला उशी कशी शिवायची. ही माझी आई आहे, असं मला त्या वर्गात मोठ्याने सांगावंसं वाटत होतं. सगळ्यांना ते माहीतच होतं.

परतताना रिक्षात रिकामं खोकं मांडीवर घेऊन ती मागे टेकून बसली होती. मला वाटलं दमली असेल.

"त्या मुलीला एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "तूरडाळ असेल तर आधी भिजवायलाच हवी, नाहीतर तिचं पहिलंच कच्चं राहील आणि ती सोडून देईल. उद्या आठवणीने सांग."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी तिला सांगितलं.