बाटलीतलं बोटभर पेट्रोल

लवू परबला ओळखायला त्याचं तोंड बघावं लागत नसे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या वाडीत निम्म्या लोकांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण त्याची गाडी सगळ्यांना पाठ होती. जुनी जावा मोटारसायकल, दोन सायलेन्सरची, टाकीवरचा रंग उडालेला. संध्याकाळी साकीनाक्याहून कारखाना सुटल्यावर तो निघे. असल्फाच्या बाजूने गाडी चढ चढायला लागली की डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खोलीत तांदूळ निवडत बसलेली रत्नप्रभा वहिनी मान वर करी आणि लवूच्या बायकोला, मालनला सांगे, "लवू इलो. चाय टाक." चहाला उकळी येईस्तोवर गाडी दारात हजर.

ही वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, दत्तारामची बायको. लवूला शाळा सुटल्यावर गावाहून मुंबईला आणलं ते तिने. संपात गिरणी गेली तसा दत्ताराम गावी जाऊन ओटीवर बसला तो बसलाच. वहिनी मात्र इथेच राहिली, कारण मालन नोकरीला जायची आणि घर कुणीतरी बघायला हवं होतं. लवूने जावा घेतली तेव्हा सगळ्या घराने नाकं मुरडली होती. वहिनीने मुकाट्याने हळदीकुंकू आणून गाडीला लावलं आणि मागच्या सीटवर बसून देवळापर्यंत जाऊनही आली.

रविवारी सकाळी साकीनाक्यावर चंद्रप्रकाशच्या गॅरेजात मंडळी जमायची. कुणाची बुलेट, कुणाची राजदूत, कुणाच्या नुसत्याच गप्पा. नंदू नावाचा एक बँकेतला कारकून मोटारींचं इंग्रजी मासिक आणून त्यातल्या बातम्या मराठीत सांगायचा आणि मधे मधे स्वतःच्या पदरच्याही घालायचा. त्या वर्षात मासिकाला दुसरा विषयच नव्हता. जपान्यांशी हातमिळवणी करून शंभर सीसीच्या गाड्या आल्या होत्या आणि म्हणे लिटरला ऐंशी किलोमीटर देत होत्या. भिंतीभिंतींवर तेच, सिनेमाच्या जाहिरातीत तेच. पूर्वी लोक विचारायचे, गाडी पळते किती? आता पोरीच्या बापापासून पेट्रोलपंपावरच्या पोऱ्यापर्यंत ज्याला त्याला एकच प्रश्न पडलेला, अ‍ॅव्हरेज किती देते? गॅरेजात यावरून सरळ दोन तट पडले. नंदू म्हणायचा, गाडी ही कुठे तरी जायला असते. लवू म्हणायचा, मग बसने जा. शंभर सीसीवाल्यांना तो शिलाई मशीनवाले म्हणायचा. असे वाद घालणारी माणसं मला आवडतात. फक्त त्यांनी ते घरी आणू नयेत.

पण पेट्रोल महाग होत चाललं आणि वाद घरी आलाच. मालनचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ही गाडी पितेय किती, आणि नुसती धडधड ऐकून पोट भरतं का? ती विकावी आणि जपानी घ्यावी. चंद्रप्रकाशकडे गिऱ्हाईक तयारच होतं. लवू ऐकेना. शेवटी वहिनीने मधे पडून तोड काढली. गाडीने लिटरला चाळीस दिले तर ठेवायची, नाही दिले तर गणपतीआधी विकायची. मोजणार चंद्रप्रकाश, बाटली लावून. म्हणजे टाकीची नळी बंद करायची, मापाची पेट्रोलची बाटली हँडलला टांगायची आणि ती संपेपर्यंत गाडी कुठवर जाते ते बघायचं. सगळे गॅरेजवाले असंच मोजतात.

त्या दिवसापासून लवू एखाद्या व्रताला बसल्यासारखा वागू लागला. चाकात हवा कडक ठेवली, कार्ब्युरेटर दहादा खोलला, सिग्नलला इंजिन बंद करू लागला. तरी आकडा चाळिसाच्या अलीकडेच अडायचा. मग गॅरेजात कुणीतरी घाटातल्या ट्रकवाल्यांची युक्ती सांगितली. उतार लागला की इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलला टाकायची आणि सोडून द्यायची. लवूच्या घराकडे यायला तर खिंडीपासून सगळा उतारच. एवढं सोपं आपल्याला सुचलं कसं नाही, याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

आता त्या उताराबद्दल सांगायला हवं. वाडीचा नळ वर खिंडीपाशी, पाण्याच्या टाकीजवळ होता. पाणी संध्याकाळी यायचं. बायका वर जाऊन हंडे भरायच्या आणि डोक्यावर दोन, कमरेवर एक असे घेऊन उतरायच्या. डोक्यावर भरले हंडे असलेल्या बाईला मान वळवता येत नाही. मागून काय येतंय ते तिला कानानेच कळतं. रिक्षा आली, टेम्पो आला, आवाज ऐकून ती कडेला सरकते. लवूची गाडी तर सगळ्याजणी चढावरच ओळखायच्या आणि तो खिंडीत पोचायच्या आधीच रस्ता मोकळा व्हायचा. म्हणून त्याने बिघडलेला हॉर्न कधी दुरुस्तच केला नव्हता. त्या गाडीला हॉर्न कशाला हवा?

बाटली लावायच्या दिवशी चंद्रप्रकाशने साकीनाक्यावर पेट्रोल मापून दिलं. लवू पवईपर्यंत जाऊन आला, मग असल्फावरून वर चढला. खिंडीपाशी पोचला तेव्हा बाटलीत अजून पेट्रोल होतं. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, उतार फुकटात गेला तर चाळीस भरत होते, आणि त्याला हसू फुटलं. चावी फिरवली, इंजिन बंद केलं, गाडी उतारावर सोडली. एरवी ज्या आवाजावर तो जीव टाकायचा तो थांबला आणि कानाशी नुसता वारा वाहू लागला. लवूला ते फार बरं वाटलं.

वळणावर एक बाई रस्त्याच्या मधून चालली होती, डोक्यावर दोन हंडे. लवू ओरडला, ब्रेक दाबले, पण हंड्यातून सांडलेल्या पाण्याने तिथला रस्ता ओला होता आणि चाक घसरलं. हंडे दणदणत उताराने खाली गेले. मालनला त्या दिवशी ताप होता म्हणून पाण्याला वहिनी गेली होती.

ती उताणी पडली होती आणि डोळे उघडे होते. लवू तिच्याजवळ गुडघ्यांवर आला तेव्हा ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या गाडीचो आवाज खंय गेलो रे?"

माणसं धावत आली. कुणीतरी म्हणालं, गाडी बंद पडली वाटतं, जुनीच ती. लवूने ते खोडून काढलं नाही. वहिनीला रिक्षात घालताना त्याचं लक्ष हँडलकडे गेलं. गाडीचं पुढचं चाक वाकलं होतं, आरसा फुटला होता, पण बाटली शाबूत होती आणि तिच्यात बोटभर पेट्रोल शिल्लक होतं.

वहिनी जगली, पण पाठीच्या कण्याला मार लागला आणि कमरेखालचं शरीर गेलं. दत्ताराम गावाहून आला, बायकोला बघून बाहेर जाऊन रडला आणि चार दिवसांनी परत गेला. मालन नोकरी सोडून घरी बसली. गाडी चंद्रप्रकाशने सुट्या भागांत विकली. अ‍ॅव्हरेज किती आलं ते त्याने विचारलं नाही आणि लवू पुन्हा गॅरेजात गेला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी अंथरुणातून सांगायची, "गाडी बंद पडली, तेका तो काय करतलो?" हे ऐकलं की लवू उठून बाहेर जायचा. तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता तर त्याला एक वेळ झोप लागली असती.

लवू बसने जाऊ येऊ लागला. तो कधी येतो ते आता कुणालाच कळत नसे. तो दारात उभा राहिला की वहिनी दचकायची.

वर्ष उलटलं. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आणि आता फार दिवस नाहीत हे डॉक्टरांनी न सांगताही घरात सगळ्यांना कळलं. एका दुपारी मालन रॉकेलच्या रांगेत गेली असताना लवू वहिनीला कुशीवर वळवत होता. तिचा चेहरा भिंतीकडे होता, तेव्हाच त्याला बोलता आलं. त्याने सांगितलं की गाडी बंद पडली नव्हती. मी बंद केली होती. अ‍ॅव्हरेजसाठी.

वहिनी रडतेय की काय म्हणून लवू वाकून बघू लागला. ती रडत नव्हती. गाडी राहावी म्हणून तो महिनोन् महिने कसा झटत होता ते तिने रोज पाहिलं होतं, आणि चाळिसाची अट तिनेच घातली होती.

"मगे रे," तिने विचारलं, "चाळीस इले?"

आले होते. ते बोटभर पेट्रोल न संपताच चाळीसच्या वर आले होते. लवू तिच्या खांद्यावर हात ठेवून तसाच बसून राहिला आणि ते त्याला सांगता आलं नाही.