घरच्याला घरचं पाणी

आमच्या साडभाऊंइतका काटकसरी माणूस वऱ्हाडच्या काळ्या मातीत दुसरा उगवला नाही; उगवला असताच तर 'एकात भागते, दुसरा कायले?' म्हणून यांनीच त्याला परत पाठवला असता. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. अकोल्याहून बसने जावं लागतं अशा एका तालुक्याच्या गावी आम्ही दोघं राहत होतो आणि एकाच निवडणुकीत दोघंही नगरपालिकेवर निवडून आलो. मी नगराध्यक्ष झालो, ते नगरसेवकच राहिले. पण नगरपालिकेचा पैसा आपल्याच बंडीच्या खिशातून जातो अशा दुःखानं वागायचे ते, मी नव्हे. रस्त्यावरचा दिवा भर उन्हात जळताना दिसला की त्यांचं पोट जळायचं. त्यासाठी त्यांनी लांब बांबूला लोखंडी आकडा बसवून घेतला होता आणि सकाळी तो खांद्यावर टाकून ते वॉर्डावॉर्डांतून खांबांवरचे खटके पाडत हिंडायचे. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात मांडववाल्यानं लाउडस्पीकरची वायर रस्त्याच्या खांबाला जोडली होती. मंगलाष्टकं रंगात आली आणि ऐन 'सावधान'ला भटजींचा आवाज गेला. सगळे वर पाहू लागले, तर मांडवाच्या तोंडाशी साडभाऊ, नवा फेटा बांधून, हातात बांबू. मी धावत गेलो. "अहो, घरचं लग्न आहे!" ते शांतपणे म्हणाले, "लग्न घरचं हाय भाऊसायेब, लाइन नगरपालिकेची हाय." मुलीचं लग्न भटजींच्या साध्या आवाजात लागलं. संसार मात्र ठीक चालला आहे.

त्यांची दुसरी खोड समजल्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही. कुठेही काही कमी पडलं की ते आधी स्वतःचं काढून ठेवायचे. एकदा अचलपूरला लग्नाला निघालो, जीप एकच आणि माणसं जीपभर होऊन वर उरलेली. ड्रायव्हर म्हणाला, कोणीतरी उतरा, नाहीतर गाडी हलत नाही. कोणी उतरेना. प्रत्येकाला आपला गुडघा, आपलं वय, आपलं नवरदेवाशी असलेलं नातं आठवलं. साडभाऊ उतरले, रस्त्याकडेला उभे राहिले आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. रागानं नाही, एखाद्या पोराला 'जेवलास का?' विचारावं तसं. थोड्या वेळात माझा चुलतभाऊ उतरला, मग एक मामा उतरले, मग सगळ्यांनी ओरडा केला की साडभाऊंना आत घ्या, आणि गाडी निघाली तेव्हा ते पुढच्या सीटवर होते. मला म्हणाले, "पयले आपन उतराव लागते राजेहो. दुसरा कोनी उतरला का आपली जागा आपोआप परत येते." दुसरा कोणी उतरलाच नाही तर काय, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांच्या आयुष्यात तोवर तसं कधी झालं नव्हतं.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीत पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. जुन्या गावाला धरणाच्या गोड्या पाण्याचे नळ होते. नाल्यापलीकडच्या साडभाऊंच्या वॉर्डापर्यंत ती लाइन गेलीच नव्हती. तिथे बोअरचं पाणी, आणि त्या पाण्याच्या चहात दूध घातलं की ते फाटायचं. म्हणून बायका नाला ओलांडून जुन्या गावातून पिण्याचं पाणी डोक्यावर आणायच्या, आणि साडभाऊंच्या घरात एक रीत होती. पाहुणा आला की त्याला त्या आणलेल्या पाण्याचा दूध घातलेला चहा. घरच्या माणसांना बोअरच्या पाण्याचा खारट, काळा. पहिल्यांदा मला काळा मिळाला तेव्हा माझं तोंड पाहून ते खूश झाले होते. "घरच्याले घरचं पानी, भाऊसायेब. दुधाचा पाह्यजे असन तं पाहुने होऊन या." मी तो खारट चहा वर्षानुवर्षं प्यालो. पुढे पुढे घरचा चहा मला अळणी लागायचा.

दर वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेला हे गृहस्थ आपल्या वॉर्डातल्या पाण्याचा कॅन घेऊन यायचे. चहा करणाऱ्या शिपायाला त्यांनी फितवलेलं असायचं. सभा सुरू झाली की कप फिरायचे, आणि नगरसेवकांपासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळे कपातल्या चोथ्याकडे पाहत बसायचे. मग साडभाऊ उठायचे. "हे आमच्या वॉर्डाचं अंदाजपत्रक हाय जी. वरून दूध, खाली चोथा. प्या." सभागृह हसायचं, लाइनचं काम अंदाजपत्रकात लिहिलं जायचं आणि वर्षभर तिथेच झोपायचं. कारण आमचं अंदाजपत्रकही खारपाणपट्ट्यातलंच होतं. तूट दाखवायची नाही म्हणून आम्ही थकलेली घरपट्टी, पाणीपट्टी सगळी वसूल होणार असं धरायचो. कागदावर शिल्लक पडायची, तिजोरीत खडखडाट.

एका वर्षी नवे मुख्याधिकारी आले. त्यांनी सांगितलं, खोट्या वसुलीवर मी सही करणार नाही. घाटा दिसतोय तेवढी कामं सभेत कमी करा, उरलेली खरोखर होतील. कोणती कमी करायची यावर महिनाभर गावात भांडण चाललं. बगिच्याचं कारंजं, बाजारातले शोभेचे दिवे, आणि गावाच्या तोंडाशी स्वागताची कमान. ती कमान माझी होती. तिच्यावर माझ्या वडिलांचं नाव यायचं होतं.

सभेच्या आदल्या दुपारी साडभाऊंनी मला घरी बोलावलं. समोर काळा चहा ठेवला आणि म्हणाले, "उद्या पयले मी उतरतो. माह्या वॉर्डाची लाइन काढा म्हनतो. माह्यामागून तुमी कमान काढा. अध्यक्ष उतरला म्हनल्यावर कारंजंवाला अन् दिवेवाला कायच्या तोंडानं बसून राह्यतीन? तेवढ्यानं घाटा भरते. मंग तुमीच म्हना, पान्याची लाइन परत घ्या."

मी म्हणालो, "अन् मी नाही उतरलो तर?" थट्टाच होती.

ते इतके हसले की त्यांचा चहा सांडला. "तुमी? तुमी तं घरचे हा ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे उठले. "अध्यक्ष महाराज, पयले माह्या वॉर्डाची पान्याची लाइन काढा." सभागृहात क्षणभर कोणाला कळेना. कोणीतरी म्हणालं, "काहून जी, पानी गोड झालं का तुमचं?" हशा झाला. साडभाऊ हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते. आता मी बोलायचं होतं. भिंतीशी लोकांसाठी बाक होते, तिथे माझे दोन धाकटे भाऊ बसले होते. कमान मंजूर होताना पाहायला म्हणून ते अचलपूरहून सकाळच्या बसने आले होते, इस्त्रीच्या टोप्या घालून, आणि आमच्या वडिलांचा फोटो एकानं पिशवीत आणला होता. मुख्याधिकारी माझ्या कानाशी वाकले, "साहेब, हे एकच काम कमी झालं तरी भागतंय." मी म्हणालो, "सूचना सर्वानुमते मंजूर. पुढचा विषय."

साडभाऊ बराच वेळ उभे राहिले. रागावलेले दिसले नाहीत. जीप निघून गेल्यावर रस्त्याकडेला राहिलेला माणूस जसा धूळ खाली बसेपर्यंत उभा असतो, तसे होते. मग त्यांनी आपला रिकामा कॅन उचलला आणि खाली बसले.

'आपल्याच वॉर्डाची लाइन कापणारा नगरसेवक' हा किस्सा आमच्या भागात आजही सांगतात. वॉर्डातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन त्यांच्या दारात बसल्या. पुढची निवडणूक ते हरले. काटकसर डोक्यात गेली, स्वतःचंच पाणी तोडून आला, असं लोक म्हणायचे, आणि त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. बांबू घेऊन सकाळी दिवे मात्र बंद करत राहिले. तो किस्सा सगळ्यात रंगवून कोण सांगायचं, तर मी. लग्नात, बारशात, त्यांच्यासमोरसुद्धा. ते बरोबर हसायच्या जागी हसायचे. फक्त त्या सभेनंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा साळीनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, आत काळा चहा ठेवला होता, साडभाऊंनी उठून तिला सांगितलं, "भाऊसायेबाले दुधाचा दे." चहा चांगला झाला होता. त्यानंतर मला त्या घरात दुधाचाच चहा मिळाला.

आता मी अकोल्याला मुलाकडे असतो. कमान आहे. कापसाचा एक ट्रक तिला अडकला तेव्हापासून वडिलांच्या नावातली अर्धी अक्षरं गेली आहेत आणि ट्रकवाले बाजूच्या कच्च्या रस्त्यानं जातात. गेल्या वर्षी साडभाऊ गेले. तेरवीला कोणीतरी म्हणालं, "भाऊसाहेब, तो लाइनचा किस्सा सांगा, तुमच्या तोंडून मजा येते." आणि मी सांगितला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून साळीही पदरानं डोळे पुसत हसली.

परवा एकटाच बसने गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. माझं बोलणं संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"त्यायनं मले एका शब्दानं सांगतलं नाई, भाऊजी," ती म्हणाली. "अन् मी रोज बोलली न त्यायले. नाल्यापलीकडून येऊन हंडा खाली ठेवला का बोलली. म्हनलं, गावाचा पैसा वाचवाले निंगाले अन् घरच्या बाईची मान मोडली. ते नुसते हासत. इतके वर्सं बोलली मी."

ती ताट बाजूला सारून उठली, चहा ठेवायला. मी म्हणालो, "दूध घालू नको. बोअरच्या पाण्याचाच कर."

"बोअर तं कवाचाच बुजवला," ती आतून म्हणाली. "नळ आला ना मांगल्या साली. आता साऱ्यायले एकच पानी."

तिनं कप आणून माझ्यासमोर ठेवला. वर साय धरली होती, दूध कुठेही फाटलं नव्हतं. मी तो चहा पाहुण्यासारखा, आवाज न करता संपवला.