दोरीचे वळ

खांदा कॉलनीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये बहुतेक कामं उलव्याच्या नव्या फ्लॅटांची येतात. प्लाय, सनमायका, कपाटं. त्यात सुताराने सुतारकी दाखवायची कुठे? म्हणून तीन वर्षांपूर्वी मोरा बंदरावरची एक कोळीण मावशी टेम्पोत सागाच्या जुन्या फळ्या घालून आली, तेव्हा मी हावरटासारखा धावलो. तिचा नवरा त्याच्या दोन वर्षं आधी वारला होता आणि आता त्याची होडीही मोडीत काढली होती. त्या लाकडाचा तिला दारात बसायला बाक हवा होता.

एक फळी तिने हाताने बाजूला काढली. ती होडीच्या काठाची होती. जाळ्याची दोरी वर्षानुवर्षं ओढून तिच्यावर वळ पडले होते, चांगले दोन सूत, म्हणजे पाव इंच खोल. त्यातून बोट फिरवत मावशी म्हणाली, "मिस्त्री, बसायला ही वर लावा. आन हिच्यावर रंधा नका मारू. ह्यांच्या हातचं हाय ते."

मी मान डोलावली. गिऱ्हाइकाला काय कळतंय, ही माझी जुनी खोड.

काम मन लावून केलं, यात खोटं नाही. बाकाला एकही स्क्रू नाही. प्रत्येक पायाच्या टोकाला कुसू काढलं, म्हणजे लाकडाचीच जीभ, आणि पटाशीने कोरलेल्या खाचेत ते ठोकून असं बसवलं की मधून कागदही जाऊ नये. पण वरची फळी डोळ्यांत खुपत होती. मालावरून तळहात फिरवला तर कुठे अडता कामा नये, असं माझ्या उस्तादाने शिकवलेलं. एवढ्या सुबक बाकावर ते ओरखडे ठेवायचे? लोक म्हणतील, याला साधी फळी साफ करता येत नाही. एका दुपारी फळी घेतली आणि सरळ रंध्याच्या मशीनखाली घातली. चार-पाच फेऱ्यांत वळ गेले, खालून मधाच्या रंगाचा साग निघाला. खरं सांगतो, मी खूश झालो. हे बघून मावशी वळ विसरेल, असं मला वाटलं. केवढं हे शहाणपण!

बाक न्यायला ती आली आणि तिने आधी तळहातच फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग माझ्याकडे बघितलं.

"वळ कुठं गेलं, मिस्त्री?"

"कुजलं होतं मावशी तिथे. काढावं लागलं."

तोंडातून सहज निघून गेलं. फळी खणखणीत होती. त्या माणसाने तिला दरवर्षी तेल पाजलं होतं, मशीन फिरताना त्याचा वास माझ्या नाकात भरला होता.

ती भांडेल म्हणून मी तयारीत उभा होतो. ती भांडली नाही. भुशातच खाली बसली.

"मंग माजाच चुकला. ह्ये व्हते तवा पावसाच्या आधी होडी झाकायचे. मी दोन पावसाळे तशीच उघडी टाकली. मीच कुजवली."

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तिला पाणी दिलं आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

मन खात राहिलं. गेल्या हिवाळ्यात सांगून टाकायचंच असं ठरवून मोऱ्याला गेलो. बाकावर ती आणि शेजारीण बसल्या होत्या. मला बघून ती लगबगीने उठली. "ह्येच त्ये मिस्त्री," ती शेजारणीला म्हणाली. "मी कुजवला तेवडा त्यांनी काढला. बाकीचा वाचवला."

थोड्या वेळाने शेजारीण निघून गेली. आता आम्ही दोघंच होतो, अडवणारं कोणी नव्हतं. मावशीने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. "लाजू नका, पोटभर जेवा," म्हणाली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिच्या पाया पडलो आणि निघालो.