अंकलच्या कॅसेटवरचं सहावं गाणं

मी रागीट माणूस. केस पांढरे झाले तरी राग नाकाच्या शेंड्यावर बसलेलाच असतो. बायकोला त्याची सवय झाली आहे, मला नाही. आयुष्यात केलेल्या बाकीच्या भांडणांचं मला काही वाटत नाही, पण दुबईतल्या एका टेलिफोन बूथमध्ये मी जो आवाज चढवला, तो अजून कानात आहे.

नव्वदच्या दशकात मी शेख झायेद रोडवरच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला होतो. राहायला अल क्वोजला, एका खोलीत आठ जण, जायला-यायला कंपनीची बस. हॉटेलच्या लॉबीत एक म्हातारा पियानो वाजवायचा. मूळचा गोव्याचा, वाढला मुंबईत. सगळा स्टाफ त्याला अंकल म्हणे. त्याचे शर्ट माझ्याकडे येत आणि ताकीद अशी की डाव्या कफाला स्टार्च लावायचा नाही. पहिल्यांदा माझं डोकं फिरलं. एका शर्टाला दोन नियम, ही काय थट्टा आहे? तेव्हा त्याने सांगितलं की डाव्या हाताची बोटं आता वळत नाहीत, कडक कफ मनगटाला टोचतो. मी ओशाळलो. तिथून आमची गट्टी जमली. तो कोकणीत बोले, मी मालवणीत, कुणाचं काही अडत नसे.

लॉबीत तो वाजवी ते अगदी झोपाळू. गेस्टना कॉफी पिताना त्रास नको, असं मॅनेजरचं म्हणणं. त्याचं खरं वाजवणं वेगळंच होतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, ब्लूज आणि बूगी-वूगी. बाविसाव्या वर्षी मुंबईच्या एका स्टुडिओत, रविवारी स्टुडिओ बंद असताना, वॉचमनला चहापाणी करून त्याने सहा गाणी रेकॉर्ड केली होती. त्यांच्या तबकड्या कधीच फुटल्या. उरली होती एक कॅसेट. सहावं गाणं सगळ्यांत वेगवान. त्यात डावा हात जात्यासारखा एकाच फेरीत फिरत राहतो, थांबतच नाही, आणि उजवा वरून मूठमूठ दाणे टाकत जातो. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी पाय हलायचे. अंकल मात्र ते ऐकताना आपल्या डाव्या हाताकडे बघत बसायचा. त्या हाताचं म्हणून जगात तेवढंच शिल्लक होतं.

टेप जुनी झाली होती, मध्येच कुईं करायची. कॉपी काढायला हवी होती. सतवा बाजारातला एक मलबारी कॅसेट-दुकानदार माझ्या ओळखीचा होता. द्या इकडे, मी करून आणतो, असं मीच छाती पुढे काढून म्हणालो.

त्याच आठवड्यात मी आईसाठी कॅसेट भरली होती. आईला वाचता येत नव्हतं आणि फोन कानाला लावला की ती बावरून गप्प होई. म्हणून आमचं पत्र म्हणजे कॅसेट. मी इथे बोलायचं, सुट्टीवर जाणाऱ्या गाववाल्याबरोबर पाठवायचं. तिने ऐकून त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरायचं आणि परत पाठवायचं. लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबायचं, कॅसेटची खाच मोडलेली असली की तिच्यावर भरता येत नाही, तेव्हा वर सेलोटेप चिकटवायची, हे सगळं मीच तिला शिकवलेलं. त्या खेपेला मी तोंडावर कधी बोललो नसतो ते बोललो होतो. बाबा गेल्यावर तू एकटीने आम्हाला वाढवलंस, मी कधी बोललो नाही पण विसरलो नाही. मे महिन्यात कायमचा येतोय. खोलीतले सगळे ड्युटीवर असताना, चादर डोक्यावर घेऊन, लाजत लाजत हे भरलं होतं.

दोन्ही कॅसेटी एकाच कंपनीच्या, लॉकरात शेजारी शेजारी. गाववाला जबल अलीहून आला, खाली टॅक्सी उभी, ड्रायव्हरचं यल्ला यल्ला, चल चल, चाललेलं. मी घाईत एक कॅसेट त्याच्या हातावर ठेवली. चार दिवसांनी दुसरी घेऊन दुकानात गेलो. मलबाऱ्याने ती मशीनला लावली आणि दुकानभर माझाच आवाज घुमला, "आये, आयकतंस मा?"

माझी पाचावर धारण बसली. तसाच बूथवर धावलो. गावात एसटी थांब्यावरच्या दुकानात फोन होता. आईला बोलवा म्हटलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा लावला. ती धापा टाकत आली होती. फोनवर कधी न बोलणारी माझी आई त्या दिवशी आपण होऊन बोलायला लागली. काय सुंदर वाजवतो म्हणे तो, तुझा आवाज कधी येतो म्हणून दोन्ही बाजू चार वेळा ऐकल्या, ऐकता ऐकता पायलीभर तांदूळ निवडून झाले. एवढ्या खुशीत मी तिला फोनवर कधी ऐकलं नव्हतं. आणि मी काय केलं? कार्ड संपत आलेलं, डोळ्यांपुढे अंकलचा चेहरा. मी तिच्यावर खेकसलो.

"ती माझी न्हय! हात लावू नको तिका. तशीच परत पाठव."

तिने हळूच विचारलं, "मगे तुझी खंय आसा?"

पाठवतो नंतर, असं म्हणून मी फोन आपटला. तेच आमचं शेवटचं बोलणं. तीन आठवड्यांत ती गेली. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात जमा, सुट्टीला दोन साहेबांच्या सह्या. भावाने अग्नी दिला, मी बाराव्याला पोचलो. माझी कॅसेट तिच्यापर्यंत पोचलीच नाही. लॉकरातच राहिली.

मी दुबईला परतलो तोवर गाववालाही आला होता. अंकलची कॅसेट आईने स्वतः हातात दिली म्हणाला, फडक्यात बांधून. फडकं सोडलं. मोडलेल्या खाचेवर सेलोटेपची पट्टी होती. ऐकायची हिंमत झाली नाही. तसाच अंकलच्या खोलीवर गेलो, पट्टी दाखवली आणि याचा अर्थ काय तेही सांगितलं. त्याने कॅसेट लावली.

पाच गाणी जशीच्या तशी होती. सहावं सुरू झालं, डावा हात फिरू लागला, दोन-चार फेऱ्या झाल्या आणि खट्ट आवाज आला. मग कोंबड्यांची कलकल, आणि आई. सावकाश, परक्या माणसाशी बोलावं तसं.

"बाबा, तू कोण ता माका ठावक नाय, पण वाजवतंस बरा. कोणाचा भांडा रिकामा परत देव नये, म्हणान बोलतंय. माझो झील फोनवर माझ्यार वराडलो. तो तसो नाय. भूक लागली की तेका राग येता, ल्हानपणापासून. तू थंय तेच्या जवळ आसस. तेका दोन घास खावक घाल."

पुढे नुसती खरखर. गाण्याचा काही मागमूस नव्हता. मी जमिनीवर बसून हमसाहमशी रडलो. आई गेली म्हणून रडलो, फोन आपटला म्हणून रडलो, आणि अंकलचा हात माझ्या आईच्या हातून पुसला गेला म्हणूनही. अंकलने टेप मागे घेतली, तिचं बोलणं पुन्हा एकदा ऐकलं. त्याला ते समजावून सांगावं लागलं नाही. मग उठला, झाकण काढून भात वाढला, वर माशाची कढी घातली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

आई नसल्यावर मे महिन्यात कायमचं जाणं राहूनच गेलं, आणि पुढे दीड वर्ष तोही त्या हॉटेलात होता. ते गाणं कसं होतं, पुसलं गेलं त्याचं काय, हा विषय त्याने कधीच काढला नाही. शर्ट न्यायला लाँड्रीच्या दारात आला की आधी माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "जेवलंस?"