पेणच्या कारखान्यात जांभळाचा कोंबुचा

बाटलीचं झाकण किती घट्ट लावावं, या विषयावर सासरवाडीत माझं मत कुणी विचारत नाही. वास्तविक आमच्या घरात या विषयातला जाणकार मीच! रोह्याच्या एका कंपनीत केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. वायू, तापमान, दाब यांच्यातच हयात गेली. (दाब लग्नानंतर जरा जास्तच.)

झालं असं, की आमची लेक जुई पुण्याहून येताना एका बरणीत ओल्या घावनासारखं काहीतरी घेऊन आली.

"बाबा, हे विरजण. याने चहा आंबवायचा. कोंबुचा म्हणतात त्याला."

"चहा आंबवायचा?" माझी बायको माधवी म्हणाली. "आणि इतकी वर्षं मी उरलेला चहा मोरीत ओतत आले!"

जुई पुण्याला परत गेली आणि प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आली. साखर घातलेला कोरा चहा गार केला, त्यात ते घावन सोडलं, बरणीला फडकं बांधलं. आठवड्याभरात आंबटगोड चव उतरली. मग गाळून त्यात जांभळांचा गर घातला आणि सरबताच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून ठेवला. जुईने फोनवर बजावलं, "रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडा हं, बाबा!"

पहिली बाटली आम्ही दुसऱ्याच दिवशी उघडली. फस्स! पेल्यात जांभळा फेस चढला. आधी जिभेला झिणझिण्या, मग आंबटपणा, मागून चहाचा तुरटपणा आणि सगळ्यात शेवटी घशाला चिकटणारं जांभूळ. अहाहा! माधवीने गुपचूप दुसरा पेला भरून घेतला. या घरात मला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही! मग आम्ही एकमेकांना जांभळ्या जिभा काढून दाखवत बसलो. (समोरच्या गॅलरीतल्या काकूंनी ते पाहिलं. हल्ली त्या आमच्याशी जपून बोलतात.)

"बाळाला नेऊया का दोन बाटल्या?" माधवी म्हणाली आणि माझी छाती फुगली. बाळा हा तिचा धाकटा भाऊ. पेणला त्याचा गणपतींचा कारखाना आहे. तिथे माझी ख्याती "भावोजी, तुम्ही बसा" एवढीच. एकदा तरी तिथे कुणी "वा, भावोजी!" म्हणावं, ही माझी फार जुनी इच्छा. तेव्हा फेस कसा जोरदार हवा! रोज वायू सोडला तर फेस येणार कुठून? मी पुढचे काही दिवस झाकणाला हात लावला नाही. उलट वरून चिकटपट्टी गुंडाळली. केमिस्टला कोण शिकवणार?

रोह्याहून पेणला निघालो, तर नागोठण्यापर्यंत खड्ड्यांनी आम्हाला आणि बाटल्यांना सारखंच घुसळलं. वडखळला गाडी उन्हात अडकली.

"अहो, या फुगल्यात!" बाटल्या मांडीवर घेतलेली माधवी म्हणाली.

"फुगू देत. चांगलं लक्षण आहे."

कारखान्यात पोचलो तर सगळे चिडीचूप. परदेशी जाणाऱ्या मूर्तींची गाडी संध्याकाळी यायची होती आणि बाळा शेवटच्या मोठ्या गणपतीचे डोळे आखत होता. डोळ्यांची आखणी चालू असली की तिथे कुणी बोलत नाही, पंखासुद्धा बंद असतो. बाळाची बायको सुमन हिने ओठांवर बोट ठेवून मला स्टूल दाखवलं. शेजारी हॅलोजनच्या उबेत नुकताच पांढऱ्या रंगाचा हात दिलेले छोटे गणपती रांगेने वाळत होते. तेही त्याच गाडीने जायचे होते.

मी दोनपैकी एक बाटली टेबलावर ठेवली. तिचा तळ इतका फुगला होता की ती आपोआप डुलायला लागली! पडली आणि आवाज झाला तर? आता आली का पंचाईत! मी विचार केला, हळूच थोडा वायू सोडावा. आवाज न करता, अगदी शास्त्रीय पद्धतीने. चिकटपट्टी सोडवली आणि झाकण जरासं फिरवलं...

फट्!!

झाकण छताच्या पत्र्यावर आपटलं. मागोमाग जांभळं कारंजं वर गेलं आणि खाली आलं ते थेट पांढऱ्याशुभ्र गणपतींच्या रांगेवर!

बाळाचा हात हलला नाही. त्याने पापणीची रेघ शांतपणे पुरी केली, कुंचला खाली ठेवला आणि मगच मान वळवली.

"काय हाय हे, भावोजी?"

"जांभूळ," मी म्हणालो. नाकावरून थेंब गळत होते.

"माझं माहेर होतं हो हे!" माधवीला रडू फुटलं.

"रडू नको गो ताय," सुमन म्हणाली. "पण संध्याकाळी गाडी यायची हाय, आता कसं?"

बाळाने सगळ्यांना कामाला लावलं. डाग पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचे आणि वर पुन्हा पांढरा हात द्यायचा. मला मनापासून लाज वाटत होती. "मीही बसतो," असं म्हणून मी हट्टाने कागद घेतला. बाळाने नको नको म्हणून पाहिलं, पण मी ऐकतोय कुठला!

तेवढ्यात बाटलीच्या तळाशी उरलेला कोंबुचा सुमनने कपांत ओतून आणला. बाळाने घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घोट घेतला.

"वा, भावोजी! चव भारी हाय!"

बस्स! मला असा काही हुरूप आला की विचारू नका! मी दुप्पट जोराने घासायला लागलो. डाग गेला. डागाबरोबर उंदराचं शेपूटही गेलं. मी दुसरी मूर्ती घेतली. तिच्या मोदकाचं टोक गेलं. तिसरीला हात घालणार, एवढ्यात बाळाने माझ्या हातातला कागद अलगद काढून घेतला.

"भावोजी, एक बाटली अजून हाय ना?"

"आहे की! आवडलं ना?" मी खुलून विचारलं.

"मग तीच उघडा," बाळा म्हणाला. "त्यात नुकसान कमी हाय."